बाबलने निवडलेला कॅमेरा

कोकणात एका खाडीकाठच्या गावात एक भोळा पडदेवाला होता. नाव बाबल. गावच्या छोट्या नाट्यगृहात तो पडदा ओढायचा. 'ओढ' म्हटलं की ओढायचा, 'सोड' म्हटलं की सोडायचा. मधलं काही त्याला कळायचं नाही. पण पडद्याला मधलं काही लागतही नाही.

त्या वर्षी नाट्यगृहावर बाका प्रसंग आला. सरपंच म्हणाले, "नाटकाला चार टाळकी येतात. इथे लग्नाचा हॉल करू. निदान जेवायला तरी लोक येतील."

नाट्यमंडळाचे अध्यक्ष अप्पा वेंगुर्लेकर हादरले. अप्पा तरुणपणापासून 'राजपुत्र उदयसेन' या नाटकात राजपुत्र व्हायचे. आता राजाचं काम करणारा नट त्यांच्या मुलाच्या वयाचा होता, पण राजपुत्र तेच होते.

सरपंच शेवटी म्हणाले, "जिल्ह्याच्या नाट्यस्पर्धेत बक्षीस आणा. मग हॉल तुमचा."

स्पर्धेला आधी नाटकाचा व्हिडिओ पाठवायचा होता. म्हणजे कॅमेरा आला. कॅमेरा निवडायला समिती बसली. चिटणिसांच्या मेव्हण्याचं कॅमेऱ्याचं दुकान होतं. खजिनदारांच्या भाच्याचं होतं. अप्पांच्या व्याह्यांचंही निघालं. कोणाचा कोणावर विश्वास बसेना. तेव्हा ज्याचं कुठेच कोणी नाही अशा माणसाने कॅमेरा निवडावा, असं ठरलं. असा माणूस गावात एकच होता.

अप्पा म्हणाले, "बाबल, शहरात जा. आपल्या हॉलमध्ये अंधार असतो. अंधारात दिसेल आणि आवाज खणखणीत येईल असा कॅमेरा आण."

बाबल म्हणाला, "बरं."

दुकानदाराला त्याने तेवढंच सांगितलं. अंधारात दिसेल, आवाज खणखणीत येईल. दुकानदाराने गोदामावर राखणीला लावतात तो कॅमेरा दिला.

तालमीला कॅमेरा लावला. अप्पा तलवार घेऊन आत आले. कॅमेरा ओरडला, "चोर! चोर!" अप्पा थांबले. कॅमेराही थांबला. अप्पांनी एक पाऊल टाकलं. "चोर! चोर!" अख्खी तालीम सगळ्यांनी पुतळ्यासारखं उभं राहून केली. दिग्दर्शक म्हणाले, "वा! हे फार आधुनिक झालं."

पण अप्पा चिडले. "अरे गाढवा, आपल्याकडे खरे चोर असतात का? दुकानात आधी सांगायचं, की आमचं नाटक आहे. आमच्याकडचं सगळं खोटं असतं. राजा खोटा, तलवार खोटी."

बाबल म्हणाला, "बरं."

तो पुन्हा दुकानात गेला. म्हणाला, "आमच्याकडे सगळं खोटं असतं."

"मग कॅमेराही खोटाच हवा?"

"सगळं म्हटलंय," बाबल म्हणाला.

दुकानदाराकडे तसलाही होता. चोरांना भीती दाखवायला लोक भिंतीवर लावतात तो. आत काही नाही, बाहेर लाल दिवा. दिवा मात्र छान लुकलुकायचा.

त्या दिव्यासमोर अप्पांनी जन्मात केलं नव्हतं असं काम केलं. मरणाच्या प्रवेशात ते स्वतःच रडले. मग सगळे व्हिडिओ बघायला बसले आणि कॅमेऱ्यात शोधू लागले. आत एक गांधीलमाशी होती.

"अरे, वस्तू घेताना दुकानात चालू करून बघायची!" अप्पा किंचाळले. "चालू असेल तरच आणायची!"

त्या दिवशी बाबल जेवला नाही. हॉल गेला तर पडदा जाईल आणि आपण ओढायचं काय, हे त्याला कळत होतं. दुसऱ्या दिवशी उजाडताच तो पुन्हा शहरात गेला. या वेळी त्याने खरा, उत्तम, दुकानातला सगळ्यात भारी कॅमेरा निवडला. दुकानात चालू केला. चालू होता. म्हणून आणला.

बंद करायला कोणी सांगितलं नव्हतं.

प्रयोगाच्या दिवशी अप्पांनी बजावलं, "उगाच बटणं दाबू नकोस. व्हिडिओ पाठवायची मुदत आजच संपते. नाटक संपलं की कॅमेऱ्यात असेल ते तसंच्या तसं नेऊन दे."

बाबल म्हणाला, "बरं."

पडदा उघडला. कॅमेऱ्यावर अक्षरं आली, 'जागा संपली'. बाबलने हॉलकडे पाहिलं. पुढच्या रांगेत एक कुत्रं झोपलं होतं. पण कॅमेरा भारी होता. त्याला जास्त कळणार. 'हॉल भरला तर!' म्हणून बाबल आनंदाने पडद्यापाशी जाऊन उभा राहिला.

नाटक संपल्यावर तो व्हिडिओ घेऊन जिल्ह्याला पोचला. स्पर्धेच्या कचेरीतल्या बाईंनी तो लावून पाहिला. त्यात राजपुत्र नव्हता. बाबल ज्या बसने कॅमेरा घेऊन आला ती बस होती. एका सीटवर भलामोठा फणस होता आणि शेजारी गावातली जनाकाकी होती. कांबळी मास्तर उभे होते.

"काकी, तो फणस उचला. मला बसायचंय."

"ह्यो माझ्या भयणीची जागा धरून बसलो हा."

"बहीण कुठे आहे?"

"पुढच्या थांब्यार चढतली."

मग कंडक्टर भांडणात पडला. मग ड्रायव्हर. मग सगळी बस. बहीण शेवटपर्यंत चढली नाही. बाई हसता हसता खुर्चीवरून घसरल्या. बाबलला कोणी काही विचारलं नाही, म्हणून तो काही बोलला नाही.

काही दिवसांनी अप्पांना फोन आला. "नाटकाची निवड झाली आहे. अभिनय इतका सहज, की अभिनय वाटतच नाही. अंतिम फेरीला हेच नाटक याच नटसंचात सादर करा."

अप्पांनी गावात पेढे वाटले. फेरीच्या दिवशी ते पहाटेच नेपथ्य घेऊन पुढे गेले. जाताना म्हणाले, "बाबल, व्हिडिओत जे जे होते त्या सगळ्यांना घेऊन ये. एकही सुटता कामा नये. आणि व्हिडिओत नव्हता असा एकही माणूस आणू नकोस."

बाबल म्हणाला, "बरं."

हॉलसमोर राजा, राणी, प्रधान आणि भालदार रंग लावून उभे होते. बाबल त्यांच्यासमोरून गेला आणि बसथांब्यावर जाऊन उभा राहिला.

जिल्ह्याच्या नाट्यगृहात अप्पा मुकुट घालून विंगेत येरझाऱ्या घालत होते. एवढ्यात दारात बस थांबली. जनाकाकी उतरली. मास्तर, कंडक्टर, ड्रायव्हर आणि मागून सगळे उतारू उतरले, अजून भांडतच. सर्वांत शेवटी फणस खांद्यावर घेऊन बाबल आला.

"अप्पा, सगळे आणलेत. फक्त तो फणस खाऊन संपला. त्याच्या जागी हा उभा राहील."

 तेवढ्यात परीक्षक धावत आले आणि कंडक्टरच्या हाताला धरून त्याला रंगमंचावर घेऊन गेले. मग त्यांनी अप्पांकडे बोट केलं. "हे मुकुटवाले कोण?"

बाबल खोटं कधी बोलत नसे. "हे व्हिडिओत नव्हते," तो म्हणाला.

परीक्षकांनी अप्पांना नम्रपणे प्रेक्षकांत नेऊन बसवलं. बाबलने पडदा ओढला. फणसाला सीट मिळाली, मास्तरांना मिळाली नाही, आणि भांडण जिथे सुटलं होतं तिथून पुढे सुरू झालं. लोक पोट धरून हसू लागले. पुढे पहिलं बक्षीस मिळालं आणि गावचा हॉल वाचला, पण ते मागाहून. त्या वेळी अप्पा पहिल्या रांगेत डोळ्यांत पाणी आणून बसले होते, आणि मागून कोणीतरी त्यांच्या खांद्याला हात लावून म्हणत होतं,

"अहो, तेवढा मुकुट काढा. फणस दिसत नाही."