खेकडा द्यायचा की ठेवायचा?

एका जंगलात ओढ्याच्या अगदी काठावर एक जांभळीचं झाड होतं आणि त्या झाडावर एक साळुंकी राहत होती. मनाने मोठी प्रेमळ, पण कुणाच्या घरात काय चाललंय हे कळल्याशिवाय तिच्या घशाखाली दाणा उतरत नसे. खारीला यंदा किती पिल्लं झाली, सुतारपक्ष्याने नवी ढोली कुठे कोरली, बगळ्याने कुणाशी अबोला धरलाय आणि का, सगळं तिला तोंडपाठ. शेजाऱ्यापाजाऱ्यांची अशी खडान्‌खडा माहिती असणाऱ्या या साळुंकीच्या हातून एकदा शेजाऱ्याच्याच बाबतीत मोठी चूक होता होता राहिली. ती कशी, ते ऐका.

मुलांनो, लगोरी तुम्हाला ठाऊकच आहे. सात चपटे दगड एकावर एक रचायचे, चेंडू मारून ते पाडायचे आणि समोरच्यांनी चेंडूने आपल्याला बाद करायच्या आत पुन्हा रचून ‘लगोरी!’ म्हणून ओरडायचं. त्या जंगलात लगोरीचं भारी वेड. ओढ्याच्या अलीकडे एक संघ, पलीकडे दुसरा. पळस फुलला की दोघांचा मोठा सामना व्हायचा, आणि जिंकणाऱ्याला पळसफुलांची लालभडक माळ मिळायची. अलीकडच्यांना ती माळ पाच वर्षांत मिळाली नव्हती.

तिथे एक रीत होती. सामन्याच्या आदल्या दिवशी सूर्य डोंगराआड जाईपर्यंत दोन्ही संघांना एका खेळाडूची अदलाबदल करता येत असे. गेलेला खेळाडू मग पुढचा पळस फुलेपर्यंत तिकडेच राहायचा, तिकडच्याच बाजूने खेळायचा. मात्र कप्तानाने कितीही ठरवलं तरी बघ्यांनी तीनदा ‘द्या!’ म्हटल्याशिवाय खेळाडू हलायचा नाही. आणि पहिला ‘द्या’ ज्याने म्हटला, त्यालाच वाटलं तर ‘थांबा’ म्हणायचा हक्क. बाकी कुणाला नाही.

तर त्या आदल्या दिवशी सकाळपासून जांभळीखाली बघ्यांची नुसती झुंबड उडाली होती.

“नेमबाज हवा! नेमबाज हवा!” बेडूक गाल फुगवून ओरडत होता. तो म्हशीच्या पाठीवर बसला होता आणि म्हैस ओढ्यात बसली होती.

“मी मोजलंय,” कावळा म्हणाला. त्याला सगळंच ठाऊक असायचं. “गेल्या सामन्यात आपल्या मुंगसाने पंधरा वेळा चेंडू फेकला. दगडांना एकदाही लागला नाही. एकदा मला लागला.”

“मुंगसाचा नेम म्हणजे देवाला सोडलेला वळू. जाईल तिकडे जाईल!” बेडूक म्हणाला आणि सगळे खदखदून हसले. मुंगूसही हसलं, कारण ते स्वभावाने चांगलं होतं.

“पलीकडच्या वानराला घ्या,” साळुंकी म्हणाली. “काय त्याचा नेम! डोळे मिटून दगड पाडेल.”

म्हशीने सावकाश रवंथ थांबवला. “घ्या म्हणजे? ते काय आपल्याला फुकट देतील होय? बदल्यात द्यायचं काय?”

मग साळुंकीने खाली पाहिलं. जांभळीच्या मुळाशी, ओल्या मातीत एका खेकड्याचं बीळ होतं. तिचा सख्खा शेजारी. तोही संघात होता. पण तो काय करतो, हे विचाराल तर कुणाला सांगता आलं नसतं.

“खेकडा द्या की!” साळुंकी म्हणून गेली. “माझा शेजारी आहे म्हणून काय झालं? खरं ते खरं. तो ना चेंडू फेकत, ना पळत. बिचाऱ्याला सरळ दोन पावलं टाकता येत नाहीत.”

“आणि खेकड्याची जात!” बेडूक म्हणाला. “पुढे जाणाऱ्याचा पाय ओढणारी!”

“पण दगड...” संघाचा कप्तान ससा हळूच म्हणाला. तो फार भिडस्त होता. “म्हणजे, दगड रचायला...”

“दगड रचायला काय अक्कल लागते, ससेराव?” कावळा म्हणाला. “एकावर एक ठेवले की झालं. तुम्ही जा, कोल्ह्याला विचारून या.”

पलीकडचा कप्तान कोल्हा. ससा भीत भीत विचारून आला, आणि काय सांगता, कोल्हा एका शब्दात कबूल! “संध्याकाळी ओढ्यातल्या मधल्या खडकावर या, वानर घेऊन येतो,” म्हणाला. मग काय विचारता! बेडकाने म्हशीच्या पाठीवर तीन उड्या मारल्या. साळुंकीने सगळ्यांच्या आधी चोच वर करून पहिला ‘द्या!’ ठोकून दिला. उरलेले दोन संध्याकाळी खडकापाशी म्हणायचे ठरले.

गर्दी पांगली. साळुंकी पाणी प्यायला खाली उतरली, तर बिळाच्या तोंडाशी खेकडा उभा. त्याने सगळं ऐकलं होतं. ऐकणार नाही तर काय, सगळी चर्चा त्याच्या डोक्यावरच तर चालली होती.

“साळुंकीताई,” तो म्हणाला, “पलीकडची माती कशी आहे हो? भुसभुशीत आहे का? मला नवं बीळ खणावं लागेल ना, म्हणून विचारतो.”

ना राग, ना तक्रार. साळुंकी पाणी प्यायचंच विसरली. “चांगली असेल हो,” ती म्हणाली. “मी आत्ता तिकडेच निघालेय. बघून येते.”

ती तिकडे निघाली होती खरी, पण मातीसाठी नव्हे. वानर आता शेजारी येणार, तर त्याला आधी पारखून नको का घ्यायला? घोरतो का? जांभळं किती खातो? झोपताना फांदी हलवतो का? या गोष्टी कळल्याशिवाय तिला चैन कसं पडावं?

पलीकडे एका आंब्याच्या दाट पानांत ती बसली. खाली पलीकडच्या बघ्यांची सभा भरली होती. दोन पोपट, एक घोरपड आणि मधोमध कोल्हा.

“कोल्होबा, वेड लागलं का तुम्हाला?” एक पोपट चिडून विचारत होता. “वानर देऊन टाकलात तर आपले दगड पाडणार कोण?”

“पाडायला काय,” कोल्हा म्हणाला, “ही घोरपडसुद्धा पाडेल चारातून एकदा. पण रचणार कोण? गेल्या सामन्यात वानराने पाच डावांत पाचदा पाडले. आपण रचले कितीदा?”

पोपट खाली बघत म्हणाला, “एकदाच.”

“मग? अरे, पाडल्यावर सगळे चेंडूकडे बघतात. चेंडू कुठे उडाला, कुणाला लागला. मी मात्र दगडांकडे बघतो. तो खेकडा बघितलास? दोन नांग्यांत दोन दगड. डोळे असे दांड्यांवर, चहूकडे फिरणारे. हाताने दगड लावतो आणि डोळ्यांनी चेंडू बघतो. चेंडू आला की जमिनीला चिकटतो, चेंडू वरून निघून जातो. तिरका चालतो, त्यामुळे येतोय की जातोय हे आपल्याला कळतच नाही. आजवर त्यांनी जेव्हा जेव्हा पाडले, तेव्हा तेव्हा रचले आहेत. एकही डाव चुकलेला नाही!”

“आणि ते असा खेकडा देताहेत?” घोरपडीने डोळे मोठे केले.

“देताहेत कसले, गळ्यात बांधताहेत!” कोल्हा म्हणाला आणि पोट धरून हसला.

वर पानांत साळुंकीची मात्र पिसं ताठ झाली. तिने डोंगराकडे पाहिलं. सूर्य टेकला होता. वानर घोरतो की नाही हे राहिलं बाजूला, ती पंख तुटतील अशी उडाली!

पण तिच्या आधी कोल्हा वाट कापून खडकावर पोचलाही. कारण वाटेत समोरचा वारा होता आणि साळुंकीला दोनदा झाडावर टेकावं लागलं. ती ओढ्यावर आली तेव्हा खडकाच्या एका अंगाला ससा आणि खेकडा, दुसऱ्या अंगाला कोल्हा आणि वानर. काठावर बघ्यांची गर्दी.

“द्या!” सगळे ओरडले. दुसऱ्यांदा.

“थांबा!” साळुंकी वरून ओरडली. पण बेडकाच्या आवाजापुढे तिचं कोण ऐकणार? तिसऱ्या ‘द्या’साठी त्याने छाती भरून घेतली, गाल फुगवले. साळुंकीने काही विचार केला नाही. ती सरळ खाली आली आणि बेडकाच्या तोंडावरच बसली.

“म्म्म्!” बेडूक म्हणाला.

“थांबा!” साळुंकी धापा टाकत म्हणाली. “पहिला ‘द्या’ माझा होता. मी चुकले. खेकडा द्यायचा नाही.”

एकच गलका झाला. “साळुंकीबाई, सकाळी एक, संध्याकाळी एक!” कावळा म्हणाला. “शेजाऱ्याचा पुळका आला वाटतं? काही पुरावा?”

आता साळुंकीचा गळा तुम्हाला माहीतच आहे. ऐकेल तसा आवाज काढते. ती म्हशीच्या शिंगावर नीट बसली आणि कोल्ह्याच्या आवाजात, त्याच्याच ठसक्यात पहिल्यापासून सुरू झाली. “पाडायला काय, ही घोरपडसुद्धा पाडेल...” इथपासून “गळ्यात बांधताहेत!” इथपर्यंत. शेवटी पोट धरून हसलीही अगदी तशीच.

आपलाच आवाज दुसऱ्याच्या तोंडून ऐकून कोल्ह्याचे कान पडले. “बाई,” तो म्हणाला, “तुम्हाला दुसऱ्याच्या घरात डोकावण्याखेरीज काही कामधंदा आहे का?”

“नाही बाई!” साळुंकी म्हणाली. “पण चूक माझीच. इतके दिवस दुसऱ्यांच्या घरांत डोकावले, आणि शेजारच्या बिळात कोण राहतं ते बघितलंच नाही.”

“मला वाटायचं, दगड आपोआप लागतात,” ससा ओशाळून म्हणाला. “मी तर चेंडू चुकवत पळत असतो. मागे वळलो की रचलेले असायचे, की मी ओरडायचो लगोरी म्हणून.”

सूर्य डोंगराआड गेला. खेकडा तिरका तिरका चालत अलीकडच्या काठाला लागला. त्याच्या नांग्या आनंदाने टकटक वाजत होत्या, त्या सगळ्यांनी ऐकल्या.

दुसऱ्या दिवशी सामना झाला. वानराने पाच डावांत पाचदा दगड पाडले, पण पलीकडच्यांना रचता आले एकदाच. इकडे मुंगसाचे तीन डाव फुकट गेले. चौथ्यात चेंडू कसाबसा दगडांना लागला. आणि मुलांनो, त्या दिवशी चेंडू कुठे गेला हे एकाही बघ्याने पाहिलं नाही! सगळ्यांचे डोळे खेकड्यावर. “एक! दोन! तीन!” सगळी गर्दी मोजत होती. “सात! लगोरी!” पाचव्या डावातही मुंगसाचा नेम लागला, कसा ते त्यालाही कळलं नाही, आणि पुन्हा सातच्या सात दगड उभे राहिले. अलीकडच्यांच्या लगोऱ्या दोन, पलीकडच्यांची एक.

सशाने आपल्या हाताने ती लालभडक माळ खेकड्याला घातली. माळ केवढी, खेकडा केवढा! तो तिच्यात पार बुडून गेला. मग ती माळच तिरकी तिरकी जांभळीकडे चालू लागली आणि तिच्यामागून म्हैस, कावळा, बेडूक, मुंगूस सगळे नाचत निघाले. सगळ्यांच्या पुढे, माळेला वाट दाखवत, साळुंकी उडत होती.

तात्पर्य : आपल्याकडे काय नाही म्हणून ओरडण्याआधी, आपल्याकडचा प्रत्येकजण गुपचूप काय करतो ते डोळे उघडून पाहावं.