भिवसेनच्या गाडीतला बेस

एका गावात एक भोळा माणूस होता, अशी सुरुवात करायची पद्धत आहे. वडजाई गावात भिवसेन होता. त्याला भोळा म्हणायचं ते त्याच्या बायकोसमोर. ती नसली की गाव दुसरा शब्द वापरायचं.

भिवसेननं जुनी गाडी घेतली. गाडी बरी होती. पण तिच्यातला कंपनीनं बसवून दिलेला टेप म्हणजे डबड्यात कोंडलेली गोमाशी. गाणं लावलं की नुसतं ‘झिंग झिंग’. बाई गातेय की बुवा, तेही कळायचं नाही.

इतके दिवस त्यावाचून कुणाचं काही अडलं नव्हतं. पण भिवसेनच्या थोरल्या बहिणीच्या, कौसल्याआक्काच्या मुलीचं लग्न ठरलं. वरपक्षाची माणसं ऐटीची. त्यांनी सांगितलं, ‘घोडा नको, बँड नको. नवरदेव मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत गाडीतून येणार, आणि गाणं गाडीतच वाजणार. आवाज छातीत बसला पाहिजे.’

आक्का भावाला म्हणाली, ‘भिवा, तू मुलीचा मामा. मान तुझा आहे. गाडीचा आवाज तेवढा नीट करून घे. माझं नाक कापू नको.’

‘नाकाला हात नाही लावत आक्का,’ भिवसेन म्हणाला.

तालुक्याला दस्तगीर मिस्त्रीचं गाड्यांचे टेप बसवायचं दुकान होतं. मिस्त्रीच्या तोंडात कायम पान. त्यामुळं तो मोजकंच बोलायचा. त्यानं भिवसेनच्या गाडीच्या दारावर बोटानं टकटक केलं.

‘पोकळ आहे. म्हणून आवाज फाटतो. दारात भर घाल.’

भिवसेन घरी आला. भर म्हणजे काय, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. जोत्यात घालतात ती. त्यानं दारांचे आतले पुठ्ठे काढले, घमेल्यानं मुरूम ओतला, वरून पाणी मारलं आणि काठीनं ठोकून बसवला. मग बायकोला हाक मारली.

‘शेवंता, ये. गाणं ऐक.’

शेवंतानं दार उघडलं. दार निखळून तिच्या पायावर आलं. ती जे ओरडली ते मात्र स्पष्ट ऐकू आलं.

मिस्त्रीनं मुरूम बघितला आणि पान थुंकलं. ‘अरे शहाण्या, भर म्हणजे मुरूम नव्हे. पत्रा थरथरतो म्हणून आवाज बिघडतो. जे थरथरतं त्याला डांबरी शीट चिकटव. थरथर बंद, काम झालं.’

‘एवढंच ना?’

‘एवढंच.’

भिवसेननं शीट आणली. टेप चालू केला आणि प्रत्येक वस्तूवर हात ठेवून बघायला लागला. पत्रा थोडा थरथरत होता. काच थोडी थरथरत होती. सगळ्यात जास्त काय थरथरत होतं? स्पीकरचा काळा पडदा. मग त्यानं त्या पडद्यावरच शीट चिकटवली. सुटायला नको म्हणून वर आणखी एक चिकटवली. बाकीच्या स्पीकरनाही तोच प्रसाद दिला.

झिंग झिंग थांबलं. गाणंही थांबलं. भिवसेन खूश होऊन मिस्त्रीकडं गेला. ‘मिस्त्री, आवाज आता अजिबात फाटत नाही.’

‘येतो का पण?’

‘येत नाही, म्हणून तर फाटत नाही.’

मिस्त्रीनं कपाळावर हात मारला. ‘गाढवा, स्पीकर थरथरतो म्हणून तर आवाज येतो! थरथरणाऱ्या वस्तूला दाबून धरायचं नाही. मोकळं सोडायचं. ध्यानात ठेव.’

त्यानं स्वतः दारं बसवली, शीट खरवडून काढल्या, फाटले ते स्पीकर बदलून दिले. भिवसेन घरी जाईपर्यंत घोकत राहिला, ‘थरथरतं ते मोकळं सोडायचं.’ गावात चांगल्या गोष्टी कुणाच्या लक्षात राहत नाहीत. भिवसेनच्या लक्षात राहायच्या, आणि हेच वाईट होतं.

दुसऱ्या दिवशी आक्काला घेऊन तो लग्नाचा बस्ता आणायला गेला. येताना मागच्या सीटवर साड्या, शालू, नवरदेवाचा पोशाख. वडजाईचा रस्ता सुरू झाला, खड्डे आले आणि हातातलं स्टेअरिंग थरथरायला लागलं.

भिवसेननं दोन्ही हात वर केले.

‘अरे भिवा! धर की ते!’

‘दाबून धरायचं नाही आक्का. मिस्त्रीनं सांगितलंय.’

गाडीनं रस्ता सोडला, बांध सोडला आणि ती थेट पाटलांच्या उकिरड्यात शिरली. तिथं मात्र ती थरथरायची थांबली. आक्का शेणातून बाहेर आली तेव्हा तिच्या काखेत शालूचं गाठोडं होतं. ती रडली ती घरी जाऊन. लेकीच्या लग्नात हा माणूस काय करील, या धास्तीनं तिला जेवण गोड लागेना. पण वरपक्षाला गाडी हवी होती, आणि गावातली दुसरी गाडी म्हणजे पाण्याचा टँकर.

मिस्त्रीनं ही हकिगत ऐकली. यापुढं या माणसाला वस्तूला हात लावायला सांगायचंच नाही, असं त्यानं ठरवलं. गाडीतलं सगळं त्यानं स्वतः ठीकठाक केलं. वर नुसतं समजावून सांगितलं, तेही भिवसेननं ‘बेस म्हणजे काय?’ असं फार छळलं म्हणून.

‘हे बघ. आवाज दोन जातीचे. बारीक आवाज पुढं, काचेपाशी. जाड आवाज मागं, डिकीत. तोही बंद डब्यात कोंडून. कोंडला की घुमतो. त्याला बेस म्हणतात. कळलं?’

‘कळलं.’

मिस्त्रीला वाटलं, सुटलो.

लग्नाचा दिवस उजाडला. मारुतीच्या देवळापाशी वऱ्हाड जमलं. पोरं गाडीपुढं नाचायला लागली. नवरदेव विश्वंभर पाया पडून गाडीकडं आला. सोबत त्याची आत्या.

‘आत्याबाई, जरा काहीतरी बोला,’ भिवसेन म्हणाला.

‘अगंबाई, काय बोलू?’ आत्याबाई चिरक्या आवाजात म्हणाल्या.

‘बारीक. तुम्ही पुढं, काचेपाशी. जावईबापू, आता तुम्ही.’

‘नमस्कार करतो मामा,’ विश्वंभर म्हणाला. त्याचा आवाज विहिरीतून आल्यासारखा खोल.

‘जाड. तुम्ही मागं.’

आत्याबाई पुढं जाऊन बसल्या. विश्वंभर मागच्या सीटवर बसायला लागला.

‘तिथं नाही. डिकीत.’

‘डिकीत? ही तुमच्याकडची रीत आहे का?’

‘मिस्त्री म्हणतात.’

विश्वंभरला वाटलं, मिस्त्री म्हणजे या घराण्यातलं कुणीतरी वडीलधारं माणूस. बापानं त्याला बजावलं होतं, आज सासरचे सांगतील ते मुकाट करायचं. अशा मुलाला दुसरं सासर तरी कसं मिळावं? त्यानं फेटा सांभाळला, कट्यार पोटाशी धरली आणि डिकीत आडवा झाला. भिवसेननं डिकी लावली आणि हातानं दाबून बघितली.

गाडी मांडवापाशी आली. आक्का ताट घेऊन पुढं झाली. तिनं मागचं दार उघडलं. सीट रिकामी. आत्याबाई म्हणाल्या, ‘तो मागं आहे म्हणत होता हा. मला वाटलं, मागून चालत येतोय.’

‘भिवा, नवरदेव कुठाय?’

डिकीतून धाड धाड आवाज आला. ‘मामा! उघडा!’

भिवसेननं डोळे मिटले. ‘आक्का, ऐक. काय घुमतोय!’

मांडवात एकच हलकल्लोळ झाला. वरबाप लाल झाला. गुरुजींना आणखी एक लग्न लावायचं होतं. ते घड्याळ दाखवून ओरडले, ‘मुहूर्त टळतोय!’

हातात हार घेऊन उभी असलेली नवरी मोनाली हुंदके देऊन रडायला लागली. आक्काच्या हातातलं ताट पडलं. ती किंचाळली, ‘भिवा, तुझ्या पाया पडते! आधी दोघांना एका जागी आण, मग काय ते कर!’

नवरीला नवऱ्याजवळ आणणं हे मामाचंच काम. भिवसेननं डिकी उघडली. विश्वंभरनं वाकड्या मुंडावळ्यांसकट डोकं वर काढलं. तो पाय बाहेर टाकणार, तोच भिवसेननं भाचीला उचललं, आत ठेवलं आणि डिकी लावली.

‘हिचाही आवाज रडून जाड झालाय,’ तो म्हणाला. ‘गुरुजी, करा सुरू.’

गुरुजींनी घड्याळ बघितलं आणि सुरू केलं. ‘सावधान’ म्हणताच लोकांनी सवयीनं अक्षता टाकल्या. डिकीवर.

आतून दोन गळे एकदम ओरडले. भिवसेननं पत्र्याला कान लावला, आणि त्याचा चेहरा उजळला.

‘आता खरं स्टिरिओ झालं!’