लाल गाडीचं लिंबू

निषादला बिनछपराची, दोन सीटची लाल गाडी हवी होती. त्याचे वडील तीन वर्षांपूर्वी घाटातल्या अपघातात गेले, म्हणून त्याची आई कुमुदताई सोबत आल्या होत्या.

“ही उलटली, तर डोकं कशानं वाचेल?” त्यांनी विचारलं.

शोरूमचे मालक रणधीरराव इंगवले गडगडून हसले. “ताई, इतकं भ्यायचं तर माणसानं घराबाहेरच पडू नये!”

नोकरही हसले. निषाद ओशाळला.

“धडकेच्या चाचणीचा अहवाल असेल ना?” कुमुदताईंनी पुढे विचारलं.

“रणधीररावांचा शब्द हाच अहवाल!”

कुमुदताईंनी शांतपणे शोरूमभर नजर फिरवली. बाकीच्या गाड्यांच्या काचांवर चाचणीत मिळालेले तारे चिकटवले होते. लाल गाडीला मात्र लिंबू-मिरची बांधली होती.

“हे हिलाच का?”

“उघडी गाडी ना! काही होऊ नये म्हणून दर शनिवारी मी स्वतः ताजं बांधतो.”

“मग रणधीरराव, ज्या शब्दाला दर शनिवारी लिंबाचा टेकू लागतो, त्याच्या भरवशावर मी मुलाला गाडीत कसं बसवू?”

या वेळी कुणी हसलं नाही. निषादनं हातातली लाल गाडीची किल्ली टेबलावर ठेवली आणि शेजारच्या छपराच्या गाडीचं दार आईसाठी उघडलं.