पदीबायनं उपटलेली खुंटी

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची म्हणाल, तर ते मला ठाऊक नाही, माझ्या आज्याला ठाऊक नव्हतं, आणि त्याच्या आज्यानंही कधी सांगितलं नाही. खाडीच्या काठी उसरखार नावाचं गाव होतं. एका बाजूला दर्या, दुसऱ्या बाजूला भाताची शेतं, आणि मधे मातीचा लांबच लांब बांध. बांध आहे तर भात आहे. बांध फुटला की खारं पाणी शेतात शिरणार, आणि एकदा का मीठ जमिनीत उतरलं की त्या वर्षी तिथं दाणा पिकत नाही. सगळा खेळ त्या बांधाचा, बरं का.

बांध राखायची गावाची एक रीत होती. बांबूनं मोजून घराघराला बांधाचा एकेक तुकडा वाटून दिलेला, आणि दोन तुकड्यांच्या मधे हद्दीची लाकडी खुंटी ठोकलेली. भात कापून झालं की जो तो आपल्या तुकड्यावर चिखल चढवायचा, पण खुंटीपर्यंतच. खुंटीपलीकडे मूठभर चिखल जाईल तर शपथ! आपली मेहनत शेजाऱ्याच्या वाटणीत कशाला, नाही का? एकेकाचा तुकडा असा गुळगुळीत लिंपलेला की बघत राहावं. आणि तरीसुद्धा ओळीनं दोन वर्षं श्रावणातल्या उधाणाला बांध फुटला.

पहिल्या वर्षी फुटला तेव्हा ज्यांच्या तुकड्याजवळ फुटला ती दोन घरं भांडली. हा म्हणे तुझ्याकडून फुटला, तो म्हणे तुझ्याकडून. दुसऱ्या वर्षी तिसऱ्याच ठिकाणी फुटला, तेव्हा भांडायलाही कुणाच्या अंगात त्राण उरलं नव्हतं. गावदेवी कोपली असं ठरलं, कोंबडी कापली, नारळ फोडले. आणि मग माघ लागल्यावर चावडीवर सगळ्यांनी मिळून ठरवलं की तिसऱ्या वर्षी पाणी आलं तर गाव उठवायचं, चूलबोळकी होडीत घालायची आणि मिळेल त्या काठाला लागायचं.

त्या बैठकीत एक बाई मान खाली घालून बसली होती. ती पदीबाय. विधवा, मुलंबाळं नाहीत, अंगानं काटकुळी आणि जिभेनं तिखट. लग्न होऊन आली तेव्हा तिनं आणि तिच्या नवऱ्यानं सात वर्षं खपून दर्याच्या तोंडातून एक शेत काढलं होतं. नवरा गेला, शेत राहिलं. त्या शेताच्या बांधावर बसून ती नवऱ्याशी बोलायची, असं म्हणतात. गाव उठलं तर ती कुणाशी बोलणार? तिला जायचं नव्हतं, एवढी साधी गोष्ट होती.

दुसऱ्या दिवशी ओहोटी लागल्यावर पदीबाय बांधावर चढली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली, वाकून बघत, काठीनं टोचत. लोक हसले. म्हणाले, म्हातारीचं चळलं. पण तिच्या एक गोष्ट ध्यानात आली. बांध दोन वेळा फुटला आणि दोन्ही वेळा फुटला तो खुंटीपाशीच. घरांचे तुकडे पोलादासारखे उभे होते. पाणी शिरलं होतं ते दोन घरांच्या मधल्या वीतभर जागेतून, जी ह्याचीही नव्हती आणि त्याचीही नव्हती. खुंटी आतून कुजायची, तिच्या बुडाशी चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, बिळं करायच्या, आणि बाकीचं काम दर्या करायचा.

तिची स्वतःची खुंटी होती जोमा घरताच्या शेजारी. जोमानं तिच्याशी बारा वर्षं अबोला धरलेला. कशावरून, तर त्याच्या बैलानं हिचं रोपटं खाल्लं आणि हिनं बैलाला काठी मारली. काठी बैलाला लागली, पण दुखली जोमाला! बारा वर्षं दोघं एका बांधावर पाठीला पाठ लावून चिखल चढवत होती. पदीबाय आपल्या खुंटीशी आली, पदर खोचला, दोन्ही हातांनी खुंटी धरली आणि हिसका देऊन उपटली.

अहो, गावात हलकल्लोळ झाला. हद्द मोडली! वाडवडलांनी ठोकलेली खुंटी! जोमा फावडं घेऊनच धावत आला, आणि त्याच्यामागे सगळा गाव. पदीबाय शेताच्या अंगाला गुडघे टेकून बसली, आणि खुंटीच्या भोकात हात घातला. मनगट गेलं, कोपर गेलं, खांद्यापर्यंत हात गेला. मग तिनं जोमाला दर्याच्या अंगाला जायला खुणावलं. जोमा हट्टी होता, पण मूर्ख नव्हता. तो पलीकडे उतरला, तिथलं चिंबोरीचं बीळ बघितलं, आणि त्यानंही हात आत घातला. बांधाच्या पोटात दोघांचे हात एकमेकांना लागले.

जोमाच्या तोंडचं पाणीच पळालं म्हणतात. एवढा जाडजूड बांध, आणि आत दोन माणसांचे हात भेटावेत! पदीबायनं त्याची बोटं सोडली नाहीत. तशीच ओरडून म्हणाली,

"जोमा दादूस, ह्यो बांध तुझा नाय न माझा नाय, म्हणून पाणी येतं. आता बोल, कोणाचा करायचा?"

बारा वर्षांनी जोमाच्या तोंडून शब्द फुटला. तो म्हणाला, "दोघांचा." आणि रडला. मोठा माणूस, मिशीवाला, चिखलात बसून रडला. त्यात लाजायचं काय आहे?

त्या दिवसापासून खुंट्या उपटायला सुरुवात झाली. दोन घरांनी समोरासमोर बसायचं, एकानं दर्याकडून आणि एकानं शेताकडून एकाच वेळी चिखल भरायचा, आणि मधे हात लागेपर्यंत थांबायचं नाही. ज्यांचे वाद होते त्यांना आधी बोलावं लागलं, कारण मुकाट्यानं काही ते काम होत नाही. हं, आता दाब, आता थांब, एवढं तरी म्हणावंच लागतं. माघापासून वैशाखापर्यंत गावात जेवढे अबोले मोडले तेवढे शंभर पंचांना मोडता आले नसते, असं म्हणतात.

सगळे सांधे भरले. एकच राहिला.

तो होता उघाडीपाशी. उघाडी म्हणजे पावसाचं जास्तीचं पाणी दर्यात सोडायचा दगडी दरवाजा, तो सरकारनं बांधलेला. दगड सरकारचा, माती गावाची, आणि जिथं दगडाला माती भिडते तिथं सरकारी हद्दीचा धोंडा रोवलेला. त्या सुमारास राज्यावर नवा राजा आला होता, देश सुधारायचा ध्यास घेतलेला. गावोगाव दवंडी पिटायची, रस्ते करा, तळी खणा, बांध घाला. रयत म्हणायची, राजा करील. राजाची माणसं म्हणायची, रयत करील. आणि सुधारणा बसली होती मधेच, पाय पसरून!

गावकरी पदीबायला म्हणाले, दोन टोपल्यांचं तर काम, टाकू आपणच चिखल आणि मोकळे होऊ. ती ऐकेना. एका हातानं भरलेला सांधा दोन वर्षं टिकेल, म्हणाली, आणि तिसऱ्या वर्षी आपण म्हणू ते सरकारचं आहे आणि सरकार म्हणेल ते गावाचं आहे. सुभ्याला तीन निरोप गेले. उत्तर एकाचंही आलं नाही. ज्येष्ठ गेला, आषाढ गेला, भात गुडघ्याला आलं, आणि श्रावणातली अवस चार दिवसांवर आली. आता लोक तिच्यावर चिडले. जोमासुद्धा म्हणाला, बाय, हट्टापायी गाव बुडवशील. आपलं चुकलं तर सगळ्यांच्या पोटावर पाय आपलाच, हे तिला कळत होतं. तरी ती होडीत बसली आणि सुभ्याला गेली.

सुभेदार होते अंताजीपंत. नव्या राजाच्या मर्जीतले, शहाणे, धुतल्या धोतराचे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की सरकारनं उघाडी बांधून दिली, मातीचं काम रयतेचं, असा कायदाच आहे.

पदीबाय म्हणाली, "आमीपन खुंटीपरयंत असंच म्हणत व्हतो, पंत. दर्यानं आमचा कायदा वाचला नाय. राजा म्हणतो देश सुधारूया. सुधारूया की! पन अर्धा हात तुमचा लागंल, अर्धा माझा. नुसत्या तुमच्या हातानं व्हायचं नाय, न नुसत्या माझ्याबी नाय."

पंतांनी तिच्या चिखलानं फुटलेल्या हातांकडे बघितलं. मग उठले, अंगरखा उतरवून खुंटीला अडकवला आणि होडी मागवली.

अवसेच्या सकाळी पंत उसरखारच्या बांधावर उतरले. भरती दुपारची, वेळ थोडा. दर्याकडून सुभेदार आणि शेताकडून पदीबाय अशी दोघं बसली. धोंडा जोमानं पहारीनं उलथला. आतली पोकळी एवढी की बकरं मावावं! मग काय, सगळा गाव रांगेनं उभा राहिला, टोपली हातोहात सरकू लागली, आणि पंत कोपरापर्यंत चिखलात. धोतराचं काय झालं ते विचारू नका. दर्याचं पाणी त्यांच्या कमरेला लागलं तेव्हा आतून त्यांच्या बोटांना पदीबायची बोटं लागली. सांधा भरला.

आता काही लोक सांगतात की त्या दुपारी पदीबाय स्वतः बांधाला आडवी पडली आणि तिनं दर्या अडवला. साफ खोटं! एका माणसानं आडवं पडून दर्या अडत असता तर एवढी यातायात कशाला केली असती हो? खरं झालं ते ऐका. दर्या आला. असं उधाण कुणी पाहिलं नव्हतं. पाणी बांधाच्या माथ्यावर हातभर उंच उभं राहिलं आणि तरी आत सांडलं नाही, असं म्हणतात. मग दर्या सांधा शोधायला निघाला. बांधाला घासत, हुंगत, या टोकाकडून त्या टोकाला गेला. कुठं पदीबायचं संपतं आणि कुठं जोमाचं सुरू होतं, ते त्याला कळेना. कुठं गाव संपतं आणि कुठं सरकार सुरू होतं, तेही कळेना. तीन वेळा गेला, तीन वेळा आला. मग उसासा टाकून मागे फिरला, आणि तो उसासा सात गावांत ऐकू गेला म्हणतात. बांधावर उभा असलेला गाव असा ओरडला की झाडावरचे बगळे उडाले. पदीबाय आपल्या शेताच्या कडेला जाऊन बसली, आणि बराच वेळ एकटीच बोलत होती.

त्या वर्षी उसरखारला एवढं भात झालं की कणग्या पुरल्या नाहीत. राजानं पदीबायला बोलावून इनाम देऊ केलं, तिनं ते घेतलं नाही. त्यापेक्षा खाडीकाठच्या बाकीच्या गावांत माणसं पाठवा म्हणाली. राजानं पाठवली, आणि पाच वर्षांत सगळ्या खाडीकाठच्या खुंट्या निघाल्या.

उसरखारात पदीबायचं देऊळ नाही. पण माघात भात झोडून झालं की बांधावर 'पदीबायची भरणी' होते. शेजारी शेजाऱ्यासमोर बसतो, चिखल भरतो, आणि हाताला हात लागला की दोघं म्हणतात, "माझंबी, तुझंबी." वर्षाचा अबोला त्या दिवशी मोडायचाच, नाही मोडला तर त्या घरी कुणी पाणी पीत नाही. आणि तालुक्याला नवा साहेब आला की त्याचा पहिला मान उघाडीपाशी.

मागल्या वर्षी एक साहेब आले, नवे, तरणे. बूट काढले, विजार दुमडली, आणि चिखलाकडे बघत सभ्यपणे विचारलं की माझी हद्द कुठून सुरू होते. बाया हसू लागल्या. त्यांतल्या एका म्हातारीनं साहेबांचा हात धरून चिखलात दाबला, त्यावर आपला हात ठेवला आणि म्हणाली, "हितून." त्या श्रावणातही उसरखारात पाणी आलं नाही.