दुखेल तेव्हा या

एकदा एका वृद्ध शल्यविशारदांकडे तवनाप्पा नावाचा गुळाचा व्यापारी आला. अर्धशिशीने त्याला नऊ वर्षे छळले होते. महिन्यातले पंधरा-सोळा दिवस तो दारे-खिडक्या लावून अंधारात पडून असे; घरातल्या पोरांचा जरासा आवाजही त्याला सोसत नसे. मेंदूविकारतज्ज्ञांच्या गोळ्या झाल्या, इंजेक्शने झाली, उतार पडेना.

"डॉक्टर, कापा, पण यातून सोडवा," त्याने हात जोडले.

वृद्धांचा तरुण शिष्य अर्धशिशीवर दबलेला मज्जातंतू मोकळा करण्याच्या शस्त्रक्रियेचे शिक्षण नुकतेच घेऊन आला होता. कळ कपाळात असते, हे तवनाप्पाकडून ऐकताच भुवईजवळचा मज्जातंतू मोकळा करायचा, असे त्याने मनाशी ठरवूनही टाकले. गुरूंनी मात्र शस्त्रक्रियेची तारीख दिलीच नाही. ते म्हणाले, "पुढच्या वेळी डोके दुखू लागले की गोळी घेऊ नका. तसेच इकडे या."

शिष्य अस्वस्थ झाला. पीडिताला आणखी पीडा सोसायला लावणे, ही कसली वैद्यकी?

चौथ्या दिवशी दुपारी बायकोने तवनाप्पाला धरून आणले. डोळ्यांवर पंचा, चेहरा पांढराफटक.

"दुखणे जिथून सुरू झाले, तिथे एकच बोट ठेवा," गुरू म्हणाले.

तवनाप्पाचे बोट कपाळाकडे गेले, थबकले आणि हळूहळू मानेमागे, कवटीच्या कडेखाली जाऊन टेकले. गुरूंनी त्याच जागी बधिर करणारे इंजेक्शन दिले आणि ते शेजारी बसून राहिले. पंधरा-वीस मिनिटांनी तवनाप्पाने पंचा काढला. खिडकीतल्या उन्हाकडे पाहता पाहता त्याचे डोळे भरून आले.

"थांबलं हो! थांबलं!"

बाहेर आल्यावर शिष्याने विचारले, "मग आता शस्त्रक्रिया कशाला?"

"हा आराम काही तासांचाच. या सुईने रोग जात नाही. तो कुठून उठतो, ते बहुधा कळते. शांत असताना माणूस वेदना आठवून सांगतो, आणि आठवते ती सर्वांत जास्त दुखलेली जागा. तरुणपणी मी एका शिक्षिकेच्या कपाळावर असेच ऐकीव माहितीवर कापले. व्रण राहिला, दुखणेही राहिले. आज यांना काहीच उतार पडला नसता, तर मी शस्त्र हाती घेतले नसते."

शिष्याने आपल्या हातांकडे पाहिले. "मीही कपाळावरच कापले असते."

"कापले नाहीस ना?" गुरू हसले. शिष्याच्या मनावरचे ओझे उतरले.

शस्त्रक्रियेआधी गुरूंनी तवनाप्पाला स्पष्ट सांगितले, "कमी होईल अशी आशा आहे. पूर्ण जाईल, असे वचन देत नाही." मग मानेतल्या स्नायूंनी आवळलेला मज्जातंतू त्यांनी मोकळा केला. शिष्य शेजारी उभा राहून पाहत होता.

पाच महिन्यांनी नवरा-बायको भेटीला आले. शिष्याने भीतभीतच चौकशी केली.

"महिन्यातून दोनदा दुखतं, गोळीनं थांबतं," तवनाप्पाची बायको म्हणाली. "पण आता घरात भांडं पडलं, तर पोरं दचकून बापाच्या खोलीकडे बघत नाहीत. आपापलं हसतात."