उघड्या नळीपुढचे मौन

एकदा एक शिष्य आपल्या गुरूंकडे मौनाची तक्रार घेऊन गेला.

गुरू, शिष्य आणि मौन हे तीन शब्द एकत्र आले की आपल्या डोळ्यांपुढे लगेच एक पर्णकुटी उभी राहते. ती कृपया मोडून टाका. हे गुरू कडक इस्त्रीचा पांढरा कोट घालत. एका मोठ्या रुग्णालयाच्या मागच्या इमारतीत त्यांची प्रयोगशाळा होती आणि शिष्य त्यांना 'सर' म्हणत असे. मौन मात्र खरोखरीचे होते. रुग्णाच्या नमुन्याच्या नळीचे झाकण उघडले की खोलीतल्या प्रत्येकाने तोंड मिटायचे आणि झाकण पुन्हा लागेपर्यंत ते उघडायचे नाही, असा तिथला दंडक होता. दुसरा दंडक पाण्याचा. नमुन्यांच्या प्रत्येक खेपेबरोबर एका नळीत नुसते शुद्ध पाणी घ्यायचे, तीही नळी इतरांसारखीच उघडायची, हाताळायची आणि यंत्रात तोलायची. नव्या विद्यार्थ्यांना हे सोवळेओवळे वाटे. ते मनातल्या मनात हसत आणि पाळत.

यंत्राचे नाव मास स्पेक्ट्रोमीटर. नाव भारदस्त असले तरी काम वाण्याचेच, वजन करण्याचे. फरक इतकाच की इथे प्रथिनांचे रेणू तोलले जातात. नमुन्याचा थेंब धातूच्या पट्टीवर वाळवायचा आणि त्यावर लेझरचा झोत टाकायचा. रेणू पट्टीवरून उडतात आणि एका लांब पोकळीतून धावत सुटतात. हलका आधी पोचतो, जड मागाहून, आणि कोण केव्हा पोचला यावरून ज्याचे त्याचे वजन कळते. पडद्यावर एक रेघ उमटते. जिथे एकाच वजनाचे पुष्कळ रेणू आले असतील तिथे त्या रेघेला सुळका येतो. मात्र तो सुळका कोणाचा, हे यंत्र सांगत नाही. ते माणसाने शोधायचे असते.

आपल्या शिष्याने या यंत्रासाठी एक नवी पट्टी घडवली होती. तिच्यावर त्याने असा लेप दिला होता, की लघवीतले क्षार धुऊन जावेत आणि प्रथिने तेवढी चिकटून राहावीत. चार वर्षे तो त्या लेपामागे झिजला होता आणि पट्टी उत्तम साधली होती, यात शंका नाही. एका थेंबातली नावापुरती प्रथिनेसुद्धा ती सोडत नसे. मग त्याने मूत्रपिंडाच्या रुग्णांचे नमुने घेतले, निरोगी माणसांचे घेतले आणि तोलून पाहिले. रुग्णांच्या रेघेत एका जागी सुळका दिसला, निरोग्यांच्या रेघेत ती जागा सपाट राहिली. शिष्याला आनंदाने झोप येईना. मूत्रपिंडाचा आजार उघड होण्याच्या कितीतरी आधी सांगणारी खूण आपल्याला सापडली, असे त्याने ठरवले. गुरू तेव्हा रजेवर होते; त्यांनी फोनवर एकदा विचारले होते, "हा सुळका कोणत्या प्रथिनाचा, ते ओळखलंस का?" तेव्हा त्याचे उत्तर होते, "सर, खूण पटतेय ना, मग नाव मागाहून ठेवता येईल." मनात त्याने नाव ठेवूनही टाकले होते. ते अर्थातच त्याचे स्वतःचे होते.

गुरू मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी लांब रजेवर गेले, तेव्हापासूनच शिष्याला रान मोकळे मिळाले होते. पट्टीची वार्ता आधीच पसरली होती. रुग्णालयातले डॉक्टर येऊन पाहू लागले, बाहेरचे पाहुणे येऊ लागले. या पट्ट्यांचा कारखाना काढू म्हणणारा एक व्यापारीही येऊन गेला. पाहुण्यांना पाहायचे असत ते रुग्णांचे नमुने. निरोगी माणसाची लघवी पाहायला कोण कशाला येईल? ते नमुने शिष्य एरवी एकटाच, गुपचूप उरकत असे.

त्याच सुमारास शेवंता कासार ही बाई रुग्णालयात आली. बाजारपेठेत तिचे बांगड्यांचे दुकान होते. तिचा धाकटा भाऊ सोपान याची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली होती आणि त्याला ती आपले एक देणार होती. नेहमीच्या सगळ्या तपासण्यांत ती ठणठणीत निघाली. शिष्याने हौसेने तिचाही नमुना मागून घेतला. नेमका त्यात सुळका उमटला. मग तो थांबतो कशाला! त्याने तिला स्वतः बोलावून सांगितले, "बाई, तुमच्याच मूत्रपिंडात आजार सुरू होतोय. तुम्हाला देता येणार नाही." उचलली जीभ लावली टाळ्याला, ती अशी. रुग्णालयातल्या डॉक्टरांनीही धोका नको म्हणून शस्त्रक्रिया पुढे ढकलली. सोपानसाठी दुसरा दाता नव्हता.

गुरू परत आले तेव्हा शिष्य तक्रार घेऊन उभाच होता.

"सर, हा मौनाचा नियम आता काढून टाकू या. लोक लांबून येतात. त्यांच्यापुढे मी काय मुक्यासारखा उभा राहू? त्या व्यापाऱ्यांचंच बघा. नमुना उघडून एकेक पायरी समजावत गेलो, म्हणून त्यांना पटलं."

"नमुना कोणाचा होता?" गुरूंनी विचारले.

"शेवंताबाईंचा. आणि त्याच दिवशी त्यांच्यात खूण सापडली. व्यापारी चकितच झाले."

"बाकीच्या रुग्णांचे नमुनेही असेच, पाहुण्यांसमोर?"

"बहुतेक सगळे."

"आणि पाण्याची नळी?"

"ती मी बंद केली सर. वेळ जातो. पाण्यात काय असणार? पाणी."

गुरू रागावले नाहीत. रागावले असते तर शिष्याला बरे वाटले असते, कारण रागाला उत्तर देता येते. त्यांनी त्याला दोन नव्या नळ्या आणायला लावल्या आणि त्याच्याच हातून दोन्हींत शुद्ध पाणी भरून घेतले. एकीचे झाकण लावून ठेवायला सांगितले, दुसरीचे काढायला सांगितले. मग ते स्टूल ओढून त्याच्यासमोर बसले.

"आता त्या व्यापाऱ्यांना जे सांगितलंस ते मला सांग. काही गाळू नकोस. हात चालतात तसे चालू देत. मास्कही तेव्हा होता तसाच असू दे."

म्हाताऱ्याच्या डोळ्यांबरोबर बुद्धीवरही शस्त्रक्रिया झाली की काय, असे शिष्याला क्षणभर वाटले. पण आपल्या शोधाविषयी बोल म्हटल्यावर कोण नाही म्हणेल? त्याने मास्क हनुवटीखाली ओढला, कारण पाहुण्यांना आवाज स्वच्छ जावा म्हणून त्याला तीच सवय लागली होती. उघड्या नळीवर वाकून, तीत बारीक पिपेट बुडवत, थेंब उचलत तो बोलू लागला. लेप कसा सुचला, किती पट्ट्या वाया गेल्या, परदेशी पट्टीपेक्षा ही कशी सरस, हे सगळे रंगून सांगितले. शेवंताबाईंची गोष्टही सांगितली, आणि ती सांगताना त्याचा आवाज चढला. गुरू मान डोलावत ऐकत होते.

बोलणे संपले तेव्हा गुरू म्हणाले, "झकास. आता दुसरी नळी उघड. पण या वेळी मास्क वर, आणि एक शब्द नाही." शिष्याने तसे केले. दोन्ही पाण्यांचे थेंब शेजारी शेजारी पट्टीवर वाळले आणि पट्टी यंत्रात गेली.

मौनात उघडलेल्या पाण्याची रेघ सपाट आली. दुसऱ्या पाण्याच्या रेघेत, नेमक्या त्याच जागी, सुळका उभा होता.

शिष्याने आधी पट्टीला दोष दिला, मग नळीला दिला. दुसरी पट्टी घेतली, पुन्हा तोलले, सुळका तिथेच. नळी त्यानेच आणली होती, पाणीही त्यानेच भरले होते. दोन पाण्यांत फरक होता तो फक्त त्याच्या बोलण्याचा. बोलताना तोंडातून जे बारीक तुषार उडतात, ते आपल्याला दिसत नाहीत. त्याच्या पट्टीला दिसले होते. ज्याला तो रोगाची खूण समजत होता, ते त्याच्याच लाळेतले प्रथिन होते. पाहुण्यांसमोर उघडलेल्या प्रत्येक नळीत त्याने आपली थुंकी घातली होती, मग ती तोलली होती, आणि तिला आपले नाव द्यायला निघाला होता.

धरणी पोटात घेईल तर बरे असे त्याला झाले. गुरूंकडे पाहवेना म्हणून तो पडद्याकडे पाहू लागला, तर तिथे तो सुळका होता. चार वर्षांच्या कष्टांची त्याला त्या घडीला आठवणसुद्धा झाली नाही. शेवंताबाईला बातमी देताना आपण खुर्चीत कसे रेलून बसलो होतो, तेच आठवत राहिले, आणि त्याची त्याला फार लाज वाटली.

गुरू म्हणाले, "पट्टी तुझी उत्तम आहे. इतकी उत्तम, की तिनं तुलाही सोडलं नाही. यंत्रही खोटं बोललेलं नाही. अरे, ही नळी म्हणजे रुग्णाची बोलायची पाळी असते. आपल्या आत काय चाललंय हे माणसाला तोंडानं सांगता येत नाही, म्हणून तो हा थेंब देतो. तो थेंब बोलत असताना आपण गप्प बसायचं, म्हणून मौन. आणि आपण खरंच गप्प बसलो होतो का, हे बघायला पाणी. ती बाई बोलत होती आणि तू मध्येच बोललास. मग जे ऐकू आलं ते तिचं आहे असं समजलास."

शेवंताबाईच्या नमुन्याचा एक भाग न उघडता शीतपेटीत राखून ठेवलेला होता. शिष्याने तो मौनात उघडला, पाण्यासह तोलला. रेघ सपाट आली.

"सर," तो चाचरत म्हणाला, "विभागातर्फे पत्र पाठवू का? तांत्रिक कारणानं निष्कर्ष मागे घेत आहोत, असं?"

"डॉक्टरांना पत्र पाठव. बाईंना तू तोंडानं सांगितलं होतंस. हेही तोंडानंच सांग."

दुसऱ्या दिवशी शिष्य बाजारपेठेत गेला. शेवंताबाई एका नव्या नवरीच्या हातात चुडा भरत होती. तिचे काम होईपर्यंत तो दुकानाच्या पायरीवर उभा राहिला. मग त्याने सुरुवात केली, ती पत्रातल्याच भाषेत.

"त्याचं असं झालं बाई, की चाचणीच्या प्रक्रियेत काही तांत्रिक…"

"मला तसलं कळत नाही," ती म्हणाली. "माझ्या लघवीत काय घावलं होतं तेवढं सांगा."

शिष्याने पत्राची भाषा सोडली. "माझी थुंकी."

"तुमची थुंकी? माझ्या लघवीत?"

"मी नळीवर तोंड घेऊन बोलत होतो. ती उडून आत गेली. तुम्हाला काही झालेलं नाही. तुम्ही धडधाकट आहात."

तो शिव्यांची वाट पाहत होता. शेवंताबाईने बांगड्यांचे तोरण खुंटीला अडकवले आणि सावकाश बोलू लागली. "भावजय म्हणाली, द्यायचं नव्हतं तर सरळ नाही म्हणायचं, आजाराचं सोंग कशाला घ्यायचं. भाऊ काहीच म्हणाला नाही. भाऊबीजेला ओवाळायला गेले तर भिंतीकडं तोंड करून पडून राहिला. मी ताट तसंच माघारी आणलं. मलाच वाटाय लागलं, माझ्या मनात भ्या होतं म्हणून अंगात रोग निघाला का काय."

शिष्य 'मला माफ करा' म्हणाला. ते त्याला स्वतःलाच पुरेसे वाटले नाही.

"हे मला सांगून काय उपयोग?" ती उठत म्हणाली. "जिथं सांगायला पायजे तिथं चला."

डायलिसिसच्या खोलीत सोपान यंत्राला जोडलेला पडून होता आणि त्याची बायको उशाशी स्टुलावर पिशवी ठेवून उभी होती. आजूबाजूच्या खाटांवर माणसे, त्यांचे नातेवाईक. नणंदेला पाहून तिने नजर वळवली. शिष्याने पुन्हा तेच सांगितले, या वेळी अधिक मोठ्याने, कारण यंत्रांचा आवाज होता. 'थुंकी' शब्दावर पलीकडच्या खाटेवरचा एक म्हातारा हसला. आपली पट्टी किती सूक्ष्म आहे हे सांगायचा मोह शिष्याला झाला, पण तो मोह त्याने वेळेवर ओळखला.

भावजयीने विचारले, "म्हंजे ह्या खोटं बोलत नव्हत्या?"

"नाही. खोटं माझ्याकडून गेलं. त्यांनी जे सांगितलं ते माझंच होतं."

भावजयीने स्टुलावरची पिशवी उचलून खाली ठेवली.

"वन्सं, उभ्या का? बसा."

शेवंताबाई बसली. सोपानने भिंतीकडची मान वळवली आणि मोकळा हात तिच्या हातावर ठेवला. मग ती बोलू लागली, दुकानाचे, घरचे, माघारी नेलेल्या ताटाचे, आणि तिघेही रडू लागले. शिष्य खाटेच्या पायथ्याशी उभा होता. त्याला कोणी बस म्हटले नाही, आणि ते त्याला योग्यच वाटले. ती बोलत होती तोवर त्याने तोंड उघडले नाही.

समोरचे माणूस आपले काही सांगू लागले, की तेवढा वेळ आपण गप्प बसावे. त्यासाठी प्रयोगशाळेतच असावे लागते असे नाही.