बंबाच्या गुदगुल्या

शुद्धलेखनाच्या चुका आणि साधे शब्द, दोन्हींची माफी असावी. शाळा माझी लवकर सुटली.

फार पूर्वी वस्तू बोलत आणि माणसं ऐकत, तेव्हाची गोष्ट. सगुणाकाकूंच्या न्हाणीघरात तांब्याचा बंब होता. काकू त्याला चिंचेने घासून लखलखीत ठेवत. पण धूर वर जायच्या मधल्या नळ्याला आतून हात लावलेला बंबाला खपत नसे, म्हणून तिथे काजळी साचत गेली.

काकूंना नात झाली. तिच्या पहिल्या अंघोळीलाच धूर वर जाईना, खालून बाहेर येऊ लागला. बाळ खोकून लाल झालं. काकू वैतागल्या, "उद्या याला मोडीत घालते!"

बंब रडकुंडीला आला. कोपऱ्यातली नारळाची शेंडी म्हणाली, "दादा, मला आत येऊ दे."

"नको गं! आत मी फार घाण आहे."

"मी कुठली राणी? माझे केस बघ, कधी फणी लागलीय?"

ती निघालीच होती, तेवढ्यात चिमटाआजोबा ओरडले, "थांब, पोरी! वर राख दिसते, खाली निखारा असतो. पेटशील! आधी निवू दे."

सगळं गार झाल्यावर काकूंनी राख काढली आणि शेंडी काठीला बांधून नळ्यात फिरवली. बंबाला अशा गुदगुल्या झाल्या की तो खदखदून हसला आणि काजळी बदाबदा खाली पडली.

संध्याकाळी धूर सरळ वर गेला. बाळ कोमट पाण्यात पाय आपटत होतं.

हे लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, पेटवण्याआधी, मी आमचा बंब आतून घासला. चिंच नंतर लावली.